तणावा आणि मेख

झाशी शहराच्या लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडले की थोड्याच अंतरावर लक्ष्मी ताल लागतो. तालाच्या काठी नेवाळकरांची कुलस्वामिनी महालक्ष्मी हिचे मंदिर आहे आणि जवळच्या बागेत गंगाधररावांची छत्री आहे. १८५३ च्या नोव्हेंबर महिन्यात गंगाधरराव निवर्तले, आणि त्यांच्या स्मरणार्थ राणी लक्ष्मीबाईने ही दगडी छत्री उभारविली. पुढे साडेचार वर्षांच्या आत झाशीला वेढा पडला, तोफा धडाडल्या, शहर लुटले गेले. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या दिवसांत झाशीतच होते आणि त्यांनी पाहिलेले मराठी वाचकांना ठाऊक आहे. छत्री मात्र उभी राहिली.

याच तालाच्या काठी सणावाराला दुसऱ्या जातीच्या छत्र्या उभ्या राहतात. नवरात्रात किंवा दिवाळीत देवीच्या दर्शनाला गर्दी लोटली म्हणजे फुले, नारळ, खेळणी, चाट विकणारी माणसे चार पायांची, घडी होणारी, निळी-लाल कापडी छते उघडतात. पाच मिनिटांत छप्पर होते आणि पाच मिनिटांत ते मिटून हातगाडीवर चढते. दगडाची छत्री पावणेदोनशे वर्षे टिकली, कारण तिच्या अंगी वजन आहे. कापडाच्या छत्रीला वजन नाही. तिचे सारे आयुष्य ती बाळगणाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून असते. ही दक्षता म्हणजे नेमके काय, ती एके काळी कोणाकडे होती आणि आज कोणाकडे असावयास हवी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. त्याच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

मराठी भाषेइतकी तंबूशी जवळीक असलेल्या भाषा थोड्याच असतील. डेरा, राहुटी, पाल, कनात, शामियाना हे शब्द आजही कोणाला परके वाटत नाहीत. मोठ्या, घेरदार झाडाला आपण डेरेदार म्हणतो. राजे मुक्कामी पोहोचले की ते डेरेदाखल होत. एखाद्याने बोलण्यात अडचणीचा मुद्दा घातला तर त्याने मेख मारली असे म्हणतात. ही मेख म्हणजे तंबूची दोरी ज्या खुंटीला बांधतात तीच. आणि त्या दोरीला मराठीत स्वतःचे नाव आहे : तणावा. नित्याच्या व्यवहारात ज्या वस्तूची गरज पडते तिलाच भाषा असे स्वतंत्र नाव देते.

राज्यकारभारात तंबूंचे एक खातेच असे. त्याला फरासखाना म्हणत. तंबू, कनाती, बिछायती, दिवे इत्यादी सामानाची निगा ठेवणे, ते वेळेवर पुढच्या मुक्कामी पोहोचविणे आणि उभे करणे हे या खात्याचे काम. अकबराच्या फरासखान्याचे सविस्तर वर्णन अबुल फजलने आईन-ए-अकबरीत केले आहे. पुढच्या बादशहांच्या स्वाऱ्यांत तंबूंचे दोन संच असत. बादशहा एका मुक्कामी असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहत असे. ही चैन होती हे खरेच, परंतु तीत निगेचे एक तत्त्वही होते. खाली उतरविलेल्या तंबूला वाळावयास, शिवावयास आणि तपासावयास अवधी मिळत असे. पुण्यात फरासखाना हे नाव आज एका पोलीस ठाण्याच्या रूपाने उरले आहे. तेथून जाणाऱ्या शंभरांतील नव्वद माणसांना या नावाचा तंबूशी काही संबंध असेल अशी शंकाही येत नसेल.

मराठ्यांची छावणी कशी उभी राहत असे याचे चित्र टॉमस ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने रेखाटून ठेवले आहे. १८०९ साली तो दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडत होता. त्याची पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने निघाली. मुक्काम हलला की बिनीवाला सर्वांच्या आधी पुढे जाई आणि महाराजांचे डेरे जेथे पडावयाचे तेथे एक लहानसे पांढरे निशाण रोवी. मग त्या निशाणाच्या अनुरोधाने बाजाराच्या रांगा आणि सरदारांचे तळ आपापल्या जागी लागत. जागेची निवड आधी, तंबू नंतर, हा तो क्रम होता. कोठे पाणी तुंबेल, कोठे वारा अडेल, कोठे मेख धरेल हे पाहणारा माणूस सैन्याच्या आघाडीवर असे.

ही विद्या छावण्यांबरोबर बुडाली नाही. साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले गृहस्थ. १८३२ च्या सुमारास त्यांनी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे स्वरूप दिले. दिंड्यांचा क्रम, मुक्कामाची शिस्त, कूच करण्याची वेळ यांत लष्करी छावणीची छाप स्पष्ट दिसते. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून घोडे आणि मुक्कामाचा तंबू येण्याची परंपरा आहे. आषाढातला पाऊस अंगावर घेत हजारो वारकरी पंधरा-वीस दिवस राहुट्यांतून मुक्काम करतात. ज्या दिंडीत राहुटी लावणारी माणसे वर्षानुवर्षे तीच असतात, त्या दिंडीचे वारकरी रात्री कोरडे झोपतात. झाशीपासून ग्वाल्हेर सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. तेथल्या छावणीतली विद्या अशा रीतीने चंद्रभागेच्या वाळवंटापर्यंत पोहोचली.

आता घडीच्या छताकडे वळू. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ही वस्तू अमेरिकेत लोकप्रिय झाली आणि तेथून सर्व जगात पसरली. तिची रचना चातुर्याची आहे. चार कोपऱ्यांना चार पाय. प्रत्येक पाय नळीत नळी बसवून लांब-आखूड होणारा. शेजारच्या दोन पायांना जोडणाऱ्या पट्ट्या मध्ये खिळून कात्रीसारख्या केलेल्या असतात. पट्ट्यांचे वरचे टोक पायाच्या माथ्याला, खालचे टोक पायावरून सरकणाऱ्या कड्याला जोडलेले असते. कडे वर सरकले की कात्री पसरत जाते, छत ताणले जाते, आणि शेवटी खटका बसून सारे स्थिर होते. जुन्या तंबूत सांगाडा जवळजवळ नसेच. एक-दोन खांब आणि सभोवारचे तणावे यांच्या ओढाताणीतून तो उभा राहत असे. तणावा सैल झाला की तंबू कलला. त्यामुळे तणावा विसरण्याची सोयच नव्हती. घडीचे छत मात्र तणाव्याविनाही उभे राहते, आणि त्याची मेख येथेच आहे. ते उभे राहिले म्हणजे टिकले, असा भ्रम होतो.

हा भ्रम किती महाग पडतो हे थोडक्या हिशेबाने कळेल. तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद छताचे क्षेत्र नऊ चौरस मीटर. ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा त्याखाली शिरला, तर ठोकळ मानाने ३८ किलोग्रॅम वजन उचलण्याइतका जोर तो वर लावतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाला तो दीडशे किलोग्रॅमच्या घरात जातो. अशा छताचे स्वतःचे वजन पंधरा ते पंचवीस किलोग्रॅम असते. बुंदेलखंडात वैशाख-ज्येष्ठात दुपारपर्यंत अंग भाजून काढणारी लू वाहते आणि सायंकाळी अकस्मात आंधी उठते. तिला ताशी ६० किलोमीटर वेग मुळीच जड नाही. त्यातून तालाचे उघडे पाणी म्हणजे वाऱ्याला अडथळा नसलेले मैदान. काठावर उभे असलेले छत त्याच्या पहिल्या माऱ्यात सापडते.

मग मेखा ठोकाव्या, हे सरळ उत्तर. परंतु झाशीची भूमी ग्रॅनाइट खडकाची आहे. पुष्कळ ठिकाणी वीतभर मातीखाली दगड लागतो, आणि घाट-रस्त्यांवर तर फरसबंदीच असते. मेख तेथे धरत नाही. अशा ठिकाणी वजन हाच उपाय. प्रत्येक पायाशी वीस किलोग्रॅम वाळूची पिशवी किंवा पाण्याने भरलेला वीस लिटरचा डबा बांधला, तर चार पायांचे मिळून ८० किलोग्रॅम होतात. सांगाड्याचे वीस धरले की शंभर. हे वजन ताशी ४५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यापर्यंत कसेबसे पुरते. आणि छत उलटण्याची क्रिया त्याच्याही आधी सुरू होऊ शकते. म्हणून सुज्ञ दुकानदार आकाशाची कड पिवळसर झालेली दिसताच माल झाकतो आणि छत उतरवितो. कापड काढून घेतलेल्या सांगाड्याला वारा फारसे काही करू शकत नाही. वजन पायाला नुसते टेकवून ठेवणे हा आणखी एक प्रमाद होय. ते पायाच्या वरच्या भागाला दोरीने बांधलेले असावे, म्हणजे पाय उचलला जाताना वजनही उचलावे लागते.

मोठ्या मांडवांच्या बाबतीत अशी बेफिकिरी किती घातक ठरते याचे उदाहरण फार जुने नाही. २३ जून २०१९ रोजी राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातील जसोल गावी रामकथा चालू असताना वादळ आले. मांडव उडाला, कोसळला आणि त्यात वीजप्रवाह उतरला. किमान चौदा श्रोते मृत्युमुखी पडले. कथा ऐकावयास आलेली ती माणसे सावलीला बसली होती, आणि सावलीनेच त्यांचा घात केला. वादळ कोणाच्या हातचे नसते. परंतु वादळाची चाहूल लागताच माणसे बाहेर काढणे, वीज तोडणे आणि मांडवाचे बंध आधीच तपासलेले असणे, या तिन्ही गोष्टी माणसाच्या हातच्या आहेत.

वाऱ्यानंतर पाणी. छत सपाट असले किंवा त्याचा ताण सैल झाला की पावसाचे पाणी मध्ये साठते. एक सेंटीमीटर पाऊस पडला तर नऊ चौरस मीटर छतावर नव्वद लिटर पाणी पडते. त्यातले बहुतेक वाहून जावयास हवे. ते एका खोलगटीत अडकले की कापड खाली झुकते, खोलगट वाढते, आणखी पाणी येते. पट्ट्या वाकतात, आणि एखादी पट्टी मोडली की उरलेल्या क्षणार्धात तिच्या मागोमाग जातात. यावर उपाय साधे आहेत. मधला माथा उंच असावा. पावसात दोन पाय थोडे आखूड करून छताला एका बाजूस उतार द्यावा. कडेच्या पट्टीवर जेथे कापड झोळ धरते तेथे आतून आडवी काठी किंवा वाकविलेली नळी बसवावी. साचलेले पाणी काढताना काठीने भोसकू नये; सपाट तळहाताने कडेकडून उचलून ओतावे.

कापडाचा विचार करताना जुन्या आणि नव्या पदार्थांचे स्वभाव निराळे आहेत हे लक्षात ठेवावे. सुती किंतानाचा तंबू ओला झाला की त्याचे तंतू फुगतात आणि वीण घट्ट होते. तो श्वास घेतो, आतल्या माणसाला गुदमरवीत नाही. परंतु ओला मिटून ठेवला तर चार दिवसांत त्यावर बुरशी चढते आणि कापड कुजते. पूर्वीचे कारागीर त्याला साबणाच्या पाण्यात भिजवून नंतर तुरटीच्या पाण्यातून काढीत. दोहोंच्या संयोगाने धाग्यांत पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो आणि पाणी ओघळून जाते. हे शास्त्र आजही खोटे ठरलेले नाही. झाशीपासून फार दूर नसलेल्या कानपूरला तंबूंची मोठी परंपरा आहे. तेथील आयुध साहित्य कारखाना १८५९ सालापासूनचा, आणि सैन्याला तंबू पुरविणाऱ्या ठिकाणांत त्याची गणना होते.

घडीच्या छताचे कापड बहुधा पॉलिएस्टरचे असते आणि त्याच्या आतल्या अंगाला जलरोधक लेप असतो. ते कुजत नाही, हलके असते, लवकर वाळते. त्याचे शत्रू दोन : ऊन आणि घासणे. उन्हातील अतिनील किरणांनी धागा ठिसूळ होतो. दोन-तीन उन्हाळे सतत उघडे राहिलेले छत वरून धडधाकट दिसते आणि बोटाने ओढताच फाटते. लेप एकदा सोलू लागला की नव्याने लावल्यावाचून पाणी थांबत नाही. अशा कापडाला कपडे धुण्याची तिखट पूड, ब्रश, गरम पाणी वर्ज्य मानावे. साधे पाणी, मऊ फडके आणि थोडा सौम्य साबण पुरे. शिवणींना पातळ लेप द्यावा, कारण सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी शिरते. आणि चार कोपरे, जेथे कापड लोखंडावर घासते, तेथे आतून जाड कापडाचे ठिगळ आधीच शिवून घ्यावे. फाटल्यावर शिवलेल्या ठिगळापेक्षा फाटण्यापूर्वी शिवलेले ठिगळ अनेक पटींनी टिकते.

पॉलिएस्टरचा तिसरा शत्रू आग, आणि तो शत्रू छतापेक्षा छताखालच्या माणसांचा अधिक. सुती कापड जळते, परंतु पॉलिएस्टरसारखे कृत्रिम कापड वितळते आणि पेटते थेंब खाली टपकू लागतात. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेच्या वार्षिक समारंभात मांडवाला आग लागली. मांडव कृत्रिम कापडाचा होता, बाहेर पडावयास वाट पुरेशी नव्हती. चारशेहून अधिक माणसे गेली आणि त्यांत लहान मुले बहुसंख्य होती. मांडवांसाठी आगीच्या दृष्टीने खबरदारीची संहिता भारतीय मानकांत आहे. तिचा क्रमांक ८७५८. मांडवाला कृत्रिम कापड व कृत्रिम दोर वापरू नयेत, वीजवाहक तारांखाली मांडव घालू नये, असे ती सांगते. चाटवाल्याच्या एका छताखाली शेगडी पेटलेली असते आणि शेजारच्या छताची झालर तिच्यापासून हातभर अंतरावर असते, हे दृश्य पाहिले म्हणजे ही संहिता पुस्तकात राहून चालणार नाही हे पटते. शेगडी छताबाहेर, वाऱ्याच्या उलट अंगाला; जवळ वाळूची बादली; आणि दोन छतांमध्ये एक माणूस धावत जाईल इतकी वाट. इतक्यासाठी पैसा लागत नाही.

छत सुधारावयाचे म्हणजे नवे, मोठे, झगझगीत छत विकत घ्यावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः हाती असलेल्या छतावर क्रमाने थोडा थोडा खर्च केला तर त्याचे आयुष्य सहज वाढते. पहिला खर्च वजनांचा आणि चांगल्या दोरांचा. दुसरा कोपऱ्यांच्या ठिगळांचा आणि शिवणींच्या लेपाचा. तिसरा सांध्यांचा. घडीच्या सांगाड्यात सर्वांत आधी मोडतो तो प्लास्टिकचा सांधा. तो बदलून धातूचा मिळाला तर घ्यावा, निदान एक-दोन सांधे, चार खिळे आणि एक पट्टी जवळ बाळगावी. लोखंडी पायांचा रंग जेथे उडाला असेल तेथे गंज खरवडून पुन्हा रंग द्यावा. सरकत्या कड्यांना तेल घालू नये. तेलावर धूळ बसून तिची कानस होते. कोरडे मेण चोळावे. चौथा खर्च बाजूच्या कनातींचा, आणि तो सर्वांत शेवटी करावा, कारण कनात लावली की छताला शीड जोडल्यासारखे होते आणि वजन तितकेच वाढवावे लागते.

खर्चाशिवायची निगा याहून मोठी आहे. छत एकट्याने एका कोपऱ्यातून ओढून उघडू नये. त्याने कात्रीच्या पट्ट्या पिळतात. दोन माणसांनी समोरासमोर उभे राहून, थोडे उचलून, सारख्या पावलांनी मागे सरावे. मिटताना कात्रीच्या सांध्यात बोटे येणार नाहीत असे धरावे. ओले छत मिटावे लागलेच तर घरी पोहोचताच पुन्हा उघडून सावलीत वाळवावे. आणि हंगाम संपल्यावर ते उंदरांपासून दूर, जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवावे. यांतील प्रत्येक गोष्ट फरासखान्यातल्या साध्या चाकराला ठाऊक होती. वस्तू बदलली, कापड बदलले, सांगाडा आला; परंतु वारा, पाऊस, ऊन आणि आग तीच आहेत.

आज फरास राहिला नाही. विकत घेणारा माणूस दुकानातून छत उचलतो, तेव्हा त्याच्याबरोबर फरास येत नाही. लक्ष्मी तालावरच्या फूलवाल्याला, पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीला, गणेशोत्सवाच्या मंडळाला ते काम स्वतःच्या अंगावर घ्यावे लागते. नगरपालिकांनी जत्रेच्या परवान्याबरोबर प्रत्येक छताची वजने आणि अंतरे तपासणारा एक जाणता माणूस नेमला, तर बिनीवाल्याच्या त्या पांढऱ्या निशाणाला नव्या काळात अर्थ येईल. एका माणसाचा एका दिवसाचा पगार, इतकाच हा खर्च आहे.

झाशी सोडल्यानंतर राणी लक्ष्मीबाईचे उरलेले दिवस मुक्कामांत आणि छावण्यांत गेले. पतीसाठी तिने बांधविलेली छत्री तालाकाठी राहिली आणि ती स्वतः १८५८ च्या जून महिन्यात ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडली. दगडाचे छत्र मागे राहण्यासाठी असते. कापडाचे छत्र बरोबर नेण्यासाठी असते, आणि जे बरोबर न्यावयाचे त्याची काळजी रोज वाहावी लागते. पुढच्या नवरात्रात तालावर पुन्हा निळी-लाल छते उघडतील. सायंकाळी वारा उठेल तेव्हा ज्याने सकाळी पायाशी वाळूच्या पिशव्या बांधल्या असतील तो छताकडे एकदा पाहील, दोर हाताने ताणून पाहील, आणि शांतपणे पुन्हा फुले विकू लागेल.